देवराई, दफनभूमी, पाणवठा हाच गावाचा पुरावा! सामूहिक वनहक्क म्हणजे काय, दावा कसा करायचा?

जंगलातल्या गावाला कागद विचारला की गाव गप्प बसते. सातबारा नाही, नकाशात नाव नाही, जुना दाखला आजोबांच्या पेटीतच वाळवीने खाल्लेला. पण ज्या झाडाखाली वाघदेव बसवलाय, जिथे पूर्वजांना माती दिली आणि ज्या झऱ्याचे पाणी पिढ्यान्‌पिढ्या भरले जाते, त्या जागा कायद्याच्या भाषेत पुरावा आहेत. अनेक गावांना हे अजून माहीत नाही. म्हणून सामूहिक वनहक्काची पूर्ण माहिती एका ठिकाणी देत आहोत. लेख सेव्ह करून ठेवा, ग्रामसभेत वाचून दाखवा.

थोडक्यात महत्त्वाचे

• कायदा: अनुसूचित जमाती आणि इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६. बोलीत आपण त्याला वनहक्क कायदा म्हणतो.
• लागू: ३१ डिसेंबर २००७ पासून. नियम २००८ चे, त्यात मोठी दुरुस्ती सप्टेंबर २०१२ मध्ये.
• दाव्याची सुरुवात ग्रामसभेपासून होते, कोणत्याही ऑफिसपासून नाही.
• फक्त कसत असलेली जमीनच नाही, तर गाव परंपरेने वापरते ते सगळे जंगल सांभाळण्याचा आणि त्याचे व्यवस्थापन करण्याचा हक्क मागता येतो.
• बांबू, तेंदूपाने, मोहफूल, मध, डिंक, लाख या गौण वनोपजावर गावाची मालकी.
• देवस्थान, देवराई, दफनभूमी, जुनी विहीर, तळे, चराईची जागा हे पुरावे म्हणून चालतात.

कायदा का करावा लागला?

इंग्रजांनी जंगल सरकारजमा केले. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने राखीव वन आणि संरक्षित वन अशी विभागणी पक्की झाली. जी माणसे आधीपासून तिथे राहत होती त्यांची नोंद बऱ्याच ठिकाणी झालीच नाही. स्वातंत्र्यानंतरही तेच पुढे चालू राहिले. स्वतःच्या रानातून सरपणाची मोळी आणणारी बाई गुन्हेगार ठरली आणि पिढ्यान्‌पिढ्या कसणारा माणूस अतिक्रमणदार झाला. हा 'ऐतिहासिक अन्याय' होता, असे वनहक्क कायद्याच्या प्रस्तावनेतच लिहिले आहे. म्हणजे हा कायदा कोणाला जमीन दान देत नाही. जो हक्क आधीपासून होता, त्याला मान्यता देतो. हा फरक प्रत्येक गावाने पाठ करावा, कारण ऑफिसात गेल्यावर बोलण्याची रीत त्याने बदलते.

जगाच्या पातळीवरही हाच विचार पुढे आला. संयुक्त राष्ट्रांनी १३ सप्टेंबर २००७ रोजी आदिवासी लोकांच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. १४४ देश बाजूने होते, त्यात भारतही होता. जमीन, भाषा, धर्मस्थळे, पारंपरिक ज्ञान यांवर त्या लोकांचाच हक्क आहे, असे जाहीरनामा सांगतो. ९ ऑगस्टला आपल्याकडे मिरवणुका निघतात, ढोल वाजतात, ती तारीखही संयुक्त राष्ट्रांनीच ठरवलेली आहे. पण जाहीरनामा घेऊन तलाठ्याकडे जाता येत नाही. तिथे लागतो देशाचा कायदा, आणि तो आपल्याकडे आहे.

महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेप्रमाणे १ कोटी ५ लाखांवर आदिवासी लोकसंख्या आहे, म्हणजे राज्याच्या सुमारे ९.३५ टक्के. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती विशेष असुरक्षित गटात मोडतात. पालघर, नाशिक, नंदुरबारपासून अमरावती, गडचिरोलीपर्यंत १३ जिल्ह्यांत अनुसूचित क्षेत्र आहे. तिथे पेसा कायदाही लागू होतो.

कोणते हक्क मिळतात?

हक्क दोन प्रकारचे आहेत. दोन्हींची गल्लत करू नका.

वैयक्तिक हक्क: १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताब्यात असलेली आणि आजही कसत असलेली वनजमीन. मर्यादा ४ हेक्टर. जमीन वारसाने पुढे जाते, पण विकता येत नाही. लग्न झालेले असेल तर पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर होतो. घरच्या बाईचे नाव पट्ट्यात आले की नाही, हे जरूर पाहा.

सामूहिक हक्क: हे अख्ख्या गावाचे असतात. निस्तार, चराई, मासेमारी, पाणवठे आणि गौण वनोपज त्यात येते. यापुढचा आणि सर्वात मोठा हक्क म्हणजे सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा. इथे ४ हेक्टरची मर्यादा नाही. गावाची परंपरागत हद्द जिथपर्यंत, तिथपर्यंत दावा करता येतो. मग ते राखीव वन असो, संरक्षित वन असो की अभयारण्य.

याच कायद्यात जैवविविधता आणि सांस्कृतिक विविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर गावाचा सामूहिक हक्क सांगितला आहे. कोणत्या मुळीने काय बरे होते, कोणता कंद कधी खणायचा, हे ज्ञान गावाचे. शिकारीचा हक्क मात्र कायद्याने दिलेला नाही, हे ध्यानात ठेवा.

कलम ५ फार लोक वाचत नाहीत. आपल्या सांस्कृतिक आणि नैसर्गिक वारशाला बाधा आणणाऱ्या कोणत्याही विध्वंसक गोष्टीपासून वस्तीचे रक्षण करण्याचे अधिकार आणि जबाबदारी या कलमाने हक्कधारकांवर व ग्रामसभेवर टाकली आहे. पेसा कायदा १९९६ चा. तोही हेच म्हणतो: रूढी, परंपरा, सांस्कृतिक ओळख, सामूहिक साधनसंपत्ती आणि तंटे मिटवण्याची पारंपरिक रीत जपायला ग्रामसभा सक्षम आहे.

नियमगिरीने काय शिकवले?

हे कलम कागदावरच राहते का? ओडिशातले नियमगिरी पाहा. रायगडा आणि कालाहांडी जिल्ह्यांतला हा डोंगर डोंगरिया कोंध लोकांचा देव, नियमराजाचे ठिकाण. तिथे बॉक्साइटची खाण होणार होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १८ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने सांगितले की लोकांच्या धार्मिक आणि सांस्कृतिक हक्कांचा प्रश्न ग्रामसभांसमोर ठेवा. त्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये १२ गावांत ग्रामसभा झाल्या. बाराही गावांनी नाही म्हटले. जानेवारी २०१४ मध्ये केंद्र सरकारने खाणीला परवानगी नाकारली.

देवाचा डोंगर हे कारण अंधश्रद्धा म्हणून उडवून लावता आले नाही, कारण ते ठराव करून नोंदवलेले होते. आपल्याकडचा डोंगरदेव, हिरवादेव, गोंडांचे पेन, कोरकूंचा मुठवा यांची ठिकाणे कुठल्या कागदावर आहेत का? नसतील, तर उद्या तिथून रस्ता किंवा खाण जायची ठरली तर सांगणार काय?

महाराष्ट्रातली गावे

मेंढा (लेखा), जि. गडचिरोली: धानोरा तालुक्यातले शंभरेक घरांचे गोंड गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा सगळीकडे माहीत आहे. निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने घ्यायचा ही गावाची रीत. एखादा विषय समजला नाही तर अभ्यास गट बसवायचा, माहीतगार माणसे बोलवायची आणि मगच ठरवायचे. २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक वनहक्क मिळाला. हा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांत ते मोडते.

पण हक्क मिळूनही बांबू विकता येईना. वाहतुकीचा परवाना वनविभागाकडे होता. गावाने पाठपुरावा सोडला नाही. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश स्वतः मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्यानंतर २०१२ च्या दुरुस्तीने हा अधिकार सगळ्याच गावांसाठी नियमांत आला. एका गावाच्या चिकाटीचा फायदा देशभर झाला.

पाचगाव, जि. चंद्रपूर: गोंडपिपरी तालुक्यातले हे गाव बांबूच्या विक्रीवर उभे राहिले. तेंदूपानांसाठी झाडे छाटली जातात, जंगलाला आगी लागतात, म्हणून या गावाने तेंदू संकलनच बंद केले. हातात पैसा येत असताना तो सोडणे सोपे नव्हते. पण जंगल आपले झाले की माणूस पुढच्या वर्षाचा हिशोब करतो.

पायविहीर, जि. अमरावती: मेळघाटच्या पायथ्याचे कोरकू गाव. उजाड जमिनीवर गावाने झाडे उभी केली, आणि सीताफळाची विक्री गावाच्या नावाने केली.

या तिन्ही गावांत कोणी वेगळी माणसे नाहीत. आपल्यासारखीच आहेत. त्यांनी बैठका सोडल्या नाहीत एवढेच.

पुरावा काय लागतो?

नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे. सामूहिक दाव्यासाठी त्यातले आपल्या कामाचे असे:

• निस्तारपत्रक, जुने गॅझेटियर, जनगणना नोंदी, वनविभागाचे जुने नकाशे, कार्य आयोजना.
• परंपरागत चराईची ठिकाणे, कंदमुळे, रानभाज्या, फळे, औषधी वनस्पती गोळा करण्याच्या जागा.
• मासेमारीची ठिकाणे, पाण्याचे झरे, जुनी पाटाची व्यवस्था.
• गावाने बांधलेल्या वास्तूंचे अवशेष, पवित्र झाडे, देवराई, तळी, नदीकाठची ठिकाणे.
• दफनभूमी किंवा स्मशानभूमी.
• गावातल्या वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले जबाब.

एकापेक्षा जास्त पुरावे जोडायचे. कुठलाच एक कागद सक्तीचा नाही. 'अमुकच कागद आणा' असा हट्ट समितीला धरता येत नाही, नियमात तसे स्पष्ट आहे. उपग्रहाचे छायाचित्र मदतीला घेता येते, पण बाकीचे पुरावे बाजूला सारून फक्त त्यावर दावा फेटाळता येत नाही.

वडीलधाऱ्यांच्या जबाबाचे काम सर्वात आधी उरका. म्हातारी माणसे एकेक करून जात आहेत. कोणत्या खडकाला काय म्हणतात, कोणत्या ओढ्यापर्यंत आपली शीव, शेजारच्या गावाशी काय ठरले होते, हे त्यांच्याच डोक्यात आहे. माणूस गेला की तो कागदही गेला.

मोबाईलवर काय काय करता येईल?

आता जवळपास प्रत्येक घरात स्मार्टफोन आहे. त्याचा उपयोग असा करा.

१. शिवारफेरी काढा. दोन म्हातारे, दोन बाया, दोन पोरे असा गट करा. बाया हव्यातच, कारण रानभाज्या, सरपण आणि पाण्याच्या जागा त्यांना जास्त माहीत असतात.
२. प्रत्येक जागेचे नाव आपल्या बोलीत लिहा. गोंडी, माडिया, कोरकू, भिली, वारली, कातकरी जी असेल ती. नावाचा अर्थही लिहा.
३. प्रत्येक ठिकाणी जीपीएस नोंद आणि तारखेसह फोटो घ्या.
४. जबाब व्हिडिओत घ्या आणि तोच कागदावर उतरवून सही किंवा अंगठा घ्या.
५. सणवारांचे वर्षभराचे वेळापत्रक करा. वाघबारस, डोंगरदेव, बोहाडा, होळी. गोंड गावांत नवे फळ खाण्याआधी पंडुम करतात. पंडुम होईपर्यंत फळाला हात लावायचा नाही, म्हणजे फळ पिकते, बी पडते. सण आणि जंगल राखणे वेगळे नाही, हे अशा नोंदीतून दिसते.
६. सगळ्याची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा. फोन पाण्यात पडला तर वर्षाचे काम जाते.

एक काळजी घ्या. काही देवस्थाने बाहेरच्यांना दाखवायची नसतात. तिथे फोटो काढायचा का, हे गावचे पुजारी, भगत, भुमका यांना विचारूनच ठरवा. तिथले लोकेशन व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. दाव्याला जेवढे लागते तेवढेच जोडा.

दावा कसा करायचा? पायरीपायरीने

पहिली पायरी: ग्रामसभा. ग्रामपंचायतीची नाही, गावाची किंवा पाड्याची ग्रामसभा. किमान निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया हव्यात.

दुसरी पायरी: वनहक्क समिती. ग्रामसभा १० ते १५ जणांची समिती निवडते. त्यात दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि एक तृतीयांश महिला सदस्य असावेत. जुनी समिती नावापुरती असेल तर ग्रामसभेत नवी करा.

तिसरी पायरी: अर्ज. वैयक्तिक दाव्याला नमुना अ, सामूहिक हक्काला नमुना ब, सामूहिक वनसंपत्तीला नमुना क. अनेक गावे फक्त ब भरतात आणि क राहून जातो. मग वापराचा हक्क मिळतो, पण व्यवस्थापनाचा नाही. दोन्ही भरा.

चौथी पायरी: स्थळपाहणी. वनहक्क समिती वन आणि महसूल विभागाला लेखी कळवते. अधिकाऱ्यांनी हजर राहून सही करायची असते. ते आले नाहीत आणि मागाहून हरकत घेतली, तर पुन्हा पाहणी होते. दुसऱ्यांदाही आले नाहीत तर ग्रामसभेचा निर्णय अंतिम. म्हणून पत्राची पोच घ्यायला विसरू नका.

पाचवी पायरी: हद्द. शेजारच्या गावांना बोलवा, शिवेवर उभे राहून ठरवा, दोन्ही गावांच्या सह्या घ्या. दोन गावे एकच जंगल वापरत असतील तर तसे लिहा, भांडू नका. दोघांचे भांडण फाइल पाडायला पुरते.

सहावी पायरी: ठराव. ग्रामसभा दावा मंजूर करून उपविभागीय स्तरावरील समितीकडे पाठवते. प्रांत त्याचे अध्यक्ष असतात. तिथून दावा जिल्हास्तरीय समितीकडे जातो, तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. अंतिम मान्यता तिथे मिळते.

दावा फेटाळला तर?

आधी लेखी कारण मागा. नुसत्या तांत्रिक कारणाने दावा फेटाळता येत नाही आणि सविस्तर कारण द्यावेच लागते. निर्णय दावेदाराला प्रत्यक्ष कळवला पाहिजे. उपविभागीय समितीच्या निर्णयावर ६० दिवसांत जिल्हास्तरीय समितीकडे जाता येते. राज्यपालांच्या १८ मे २०२० च्या अधिसूचनेनंतर अनुसूचित क्षेत्रात जिल्हा समितीच्या निर्णयावर विभागीय स्तरावरील समितीकडे अपील करण्याची सोय झाली आहे.

वनपाल, वनरक्षक किंवा ग्रामपंचायत यांना दावा नाकारण्याचा अधिकार नाही. कोणी तोंडी 'तुमचा दावा बसत नाही' म्हणाले तर ते कायद्याने काहीच नाही. दाव्याची पडताळणी आणि मान्यतेचे काम पूर्ण होईपर्यंत ताब्यातल्या जमिनीवरून कोणाला हटवता येत नाही, हे कलम ४(५).

फेटाळलेल्या दाव्याकडे दुर्लक्ष करणे महागात पडू शकते. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून काढण्याचा आदेश दिला होता. देशभर लाखो कुटुंबे हादरली. १५ दिवसांत, २८ फेब्रुवारीला, त्याला स्थगिती मिळाली. पण त्या पंधरा दिवसांनी दाखवून दिले की फाइलमध्ये 'फेटाळला' हा एक शब्द किती जड असतो.

कायदेशीर वनहक्काच्या वापरात कोणी मुद्दाम अडथळा आणत असेल आणि हक्कधारक अनुसूचित जाती-जमातीचा असेल, तर तो अॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. २०१५ च्या दुरुस्तीत वनहक्काचा स्पष्ट उल्लेख आला आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गावात बिगर आदिवासी आहेत, त्यांचे काय? तीन पिढ्या, म्हणजे १३ डिसेंबर २००५ पूर्वी ७५ वर्षे जे तिथे राहतात आणि उपजीविकेसाठी जंगलावर अवलंबून आहेत, ते 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून दावा करू शकतात. सामूहिक हक्क मिळाला की तो सगळ्या गावाचा असतो.

हक्क मिळाल्यावर जंगल तोडता येते का? नाही. ग्रामसभेने व्यवस्थापन समिती नेमायची, आराखडा करायचा, जंगल राखायचे. बांबूसुद्धा आराखड्याप्रमाणेच काढायचा.

शाळा, अंगणवाडी, रस्ता, पाण्याची टाकी यांना वनजमीन मिळते का? हो. अशा १३ सुविधांसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी जमीन ग्रामसभेच्या शिफारशीने मिळू शकते.

आमची कला दुसरेच विकतात, त्याला काही उपाय? वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि वारली चित्र जगभर गेले. पण आज कप, चादरी, भिंतींवर तेच चित्र छापले जाते आणि पाड्यावरच्या चित्रकाराला त्यातले किती मिळते, हा प्रश्न आहे. मानांकन असलेल्या कलाकारांनी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घेतली तर नावाचा गैरवापर रोखायला बळ मिळते.

गावाने आता लगेच काय करावे?

येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर तीन विषय लेखी टाकून घ्या. एक, वनहक्क समिती जिवंत आहे का. दोन, नमुना ब आणि क दाखल झालेत का, झाले असतील तर पोच कुठे आहे. तीन, गावातल्या सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांचे जबाब महिन्याभरात घ्यायचे. ज्यांना हक्क मिळाला आहे त्यांनी पट्टा, नकाशा आणि ठराव यांच्या तीन-तीन प्रती वेगवेगळ्या घरी ठेवाव्यात, आणि अधिकार अभिलेखात नोंद झाली का ते तहसीलला जाऊन पाहावे. पट्टा मिळाला पण नोंदच झाली नाही, अशी तक्रार गावोगावी ऐकू येते.

९ ऑगस्टची मिरवणूक जरूर काढा, तारपा वाजवा, रेला नाचा. त्याच दिवशी दुपारी ग्रामसभा लावली आणि देवराईची हद्द ठरावात लिहून घेतली, तर त्या नाचाची जागाही पोराबाळांसाठी शाबूत राहील.